कायरोप्रॅक्टिकमधील रुग्णपरीक्षण व निदाननोंद

पाठीचा कणा व इतर सांधे यांवर हातांनी नेमका दाब किंवा आखूड झटका देऊन उपचार करण्याची, १८९५ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आलेली पद्धती म्हणजे कायरोप्रॅक्टिक होय. या पद्धतीने उपचार करणाऱ्यास कायरोप्रॅक्टर म्हणतात. रुग्णाची तक्रार व पूर्ववृत्त, शारीरिक तपासणीत आढळलेल्या गोष्टी, त्यांवरून काढलेले निदान, ठरविलेली उपचारयोजना व प्रत्येक भेटीतील फरक यांची लेखी नोंद ठेवणे हा आज या व्यवसायाचा आवश्यक भाग मानला जातो. सर्वसाधारण वैद्यकात रुग्णनोंदीचा विकास प्रामुख्याने रुग्णालयांच्या व अध्यापनाच्या गरजेतून झाला. कायरोप्रॅक्टिकमध्ये मात्र नोंदीत काय लिहावे आणि कोणता शब्द कटाक्षाने टाळावा, हे बराच काळ न्यायालये, विधिमंडळे व पुढे विमा योजना यांनी ठरविले. ‘निदान’ हा शब्दच या व्यवसायात सुमारे अर्धशतक वादाचा विषय होता. त्यामुळे या नोंदींचा इतिहास हा एका अर्थी या व्यवसायाच्या मान्यतेचा इतिहास ठरतो.

आरंभकाल : या पद्धतीचे प्रवर्तक डॅन्येल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) हे मूळचे कॅनडातील. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी ते चुंबकीय उपचारक म्हणून व्यवसाय करीत. ज्या इमारतीत त्यांचे उपचारगृह होते, तेथील देखभाल कर्मचारी हार्व्ही लिलार्ड याला सुमारे १७ वर्षांपासून बहिरेपणा होता. त्याच्या पाठीचा जागेवरून सरकलेला मणका आपण १८ सप्टेंबर १८९५ रोजी हाताने पूर्ववत बसविला आणि त्यामुळे त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर यांचे म्हणणे होते. व्यवसायाच्या परंपरेत हीच पहिली रुग्णकथा मानतात. तथापि नोंद या दृष्टीने पाहता ती अगदी तुटपुंजी आहे. उपचारापूर्वी व उपचारानंतर श्रवणशक्ती किती होती, याचे समकालीन टिपण उपलब्ध नाही. छापील स्वरूपात जे आढळते, ते जानेवारी १८९७ च्या एका प्रचारपत्रकातील लिलार्ड याचे प्रशस्तिपर निवेदन होय. ध्वनीची संवेदना वाहून नेणारी तंत्रिका कवटीतूनच मेंदूकडे जाते, ती पाठीच्या मणक्यांमधून जात नाही, हा आक्षेप टीकाकारांनी पुढे वारंवार घेतला. त्याला उत्तर देण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही परीक्षणनोंद पामर यांच्यापाशी नव्हती.

१८९७ मध्ये पामर यांनी डॅव्हनपोर्ट येथे शिक्षणसंस्था सुरू केली. या पद्धतीचे नाव सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने ‘हात’ व ‘क्रिया’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून सुचविले. मणका आपल्या जागेवरून किंचित ढळणे म्हणजे ‘सबलक्सेशन’. त्यामुळे तंत्रिकेच्या कार्यात बिघाड होतो आणि बहुसंख्य रोगांचे मूळ तेथेच असते, अशी पामर यांची उपपत्ती होती. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी शेकडा ९५ रोगांचे कारण मणक्यांच्या सबलक्सेशनमध्ये व उरलेल्यांचे कारण इतर सांध्यांच्या विस्थापनात असल्याचे म्हटले आहे. या उपपत्तीचा नोंदीवर झालेला परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. सर्व रोगांचे मूळ एकच मानल्यावर रोगांची नावे वेगवेगळी लिहिण्याचे प्रयोजन राहत नाही. कोणता मणका कोणत्या दिशेस ढळला, एवढेच टिपले की परीक्षण पुरे झाले, असे मानले जाई.

हे परीक्षण मुख्यत्वे हातांनी होई. बोटे फिरवून मणक्यांची टोके चाचपून पाहणे, दाबल्यावर जेथे दुखते त्या रेषेचा माग काढून ती त्वचेवर खुणेने आखणे व स्नायूंचा ताठरपणा अजमावणे या त्याच्या पायऱ्या होत्या. पामर यांचे पुत्र बार्टलेट जोशुआ पामर (१८८२–१९६१) यांनी शरीराचे मणक्यानुसार विभाग पाडणारी एक पद्धती प्रचारात आणली. तीत अमुक अवयवाची तक्रार असल्यास अमुक मणका तपासावा, असे कोष्टकच असे. आढळलेले विस्थापन लिहिण्यासाठी अक्षरसंकेतांची एक लघुलिपीही रूढ झाली. तीत मागे, उजवीकडे, डावीकडे, वर व खाली या दिशांसाठी त्या त्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर लिहीत. ‘पी-आर-एस’ असे लिहिले असता मणका मागे व उजवीकडे ढळून वरच्या बाजूस कलला आहे, असा बोध होई. तीन अक्षरांत सारा निष्कर्ष मावत असल्याने ही लिपी टिकून राहिली आणि काही शाखांमध्ये ती अद्यापही वापरात आहे. मात्र रुग्णाला काय होते, केव्हापासून होते आणि आणखी कोणता आजार असण्याचा संभव आहे, यांविषयी ही अक्षरे काहीच सांगत नाहीत.

विश्लेषण की निदान : अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांनुसार रोगाचे निदान करणे व त्यावर औषधोपचार करणे ही अनुज्ञप्तीधारक वैद्यांची कामे होती. अनुज्ञप्तीविना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून १९०६ मध्ये खुद्द ज्येष्ठ पामर यांना तुरुंगवास भोगावा लागला. त्याच वर्षी अशा खटल्यांत बचावासाठी युनिव्हर्सल कायरोप्रॅक्टर्स असोसिएशन ही संघटना डॅव्हनपोर्ट येथे स्थापन झाली. शेगेतारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथे १९०७ मध्ये चाललेला खटला या दृष्टीने निर्णायक ठरला. त्यांच्यावर अनुज्ञप्तीविना ऑस्टिओपॅथीचा व्यवसाय केल्याचा आरोप होता. कायरोप्रॅक्टिकचे स्वतःचे शास्त्र, कला व तत्त्वज्ञान असून ती वैद्यक व ऑस्टिओपॅथी या दोहोंहून निराळी आहे, असा युक्तिवाद बचावाचे वकील टॉम मॉरिस यांनी केला आणि मोरिकुबो निर्दोष सुटले.

खटला जिंकला, परंतु त्याची किंमत शब्दांत मोजावी लागली. वेगळेपण सिद्ध करावयाचे तर वैद्यकाची परिभाषा वापरून चालणार नव्हते. ‘निदान’ याऐवजी ‘विश्लेषण’ आणि ‘उपचार’ याऐवजी ‘समायोजन’ असे शब्द अध्यापनात व लिखाणात रूढ झाले. रोगाचे नाव नोंदीत लिहिणे म्हणजे सरकारी वकिलाच्या हाती पुरावा देणे, अशी स्थिती होती. कारण सामान्य रुग्ण म्हणून पाठविलेला माणूसच पुष्कळदा फिर्यादी पक्षाचा साक्षीदार निघे. कॅलिफोर्नियात अनेक कायरोप्रॅक्टरांनी दंड भरण्याऐवजी तुरुंगात जाणे पसंत केले. तेथे नोव्हेंबर १९२२ मध्ये जनमताने स्वतंत्र कायदा संमत झाला, त्यामागे या तुरुंगवासाने निर्माण केलेली सहानुभूती हेही एक कारण होते. अशा काळातील नोंदी त्रोटक का आढळतात, याचा उलगडा केवळ अज्ञान वा आळस एवढ्यावरून होत नाही. कमी लिहिणे हा बचावाचा भाग होता. परंतु त्याचे ओझे अखेरीस रुग्णावरच पडे. कर्करोग किंवा क्षयरोग यांमुळे पाठ दुखत असलेल्या रुग्णाच्या कागदावरही केवळ मणक्याचा क्रमांक व तीन अक्षरे लिहिली जात, हे विसरता येत नाही.

व्यवसायातील सर्वांनाच हे मान्य नव्हते. केवळ समायोजनावर विसंबणाऱ्यांना ‘स्ट्रेट’, तर अन्य नैसर्गिक उपचार व शारीरिक निदानाच्या पद्धती यांचाही अवलंब करणाऱ्यांना ‘मिक्सर’ म्हणत. शिकागो येथील नॅशनल या संस्थेत शवविच्छेदन व शारीरिक निदान हे विषय शिकविले जात आणि तेथील पदवीधरांनी ठेवलेल्या नोंदी वैद्यांच्या नोंदींशी अधिक जुळत. पहिला अनुज्ञप्ती कायदा १९१३ मध्ये कॅन्झस राज्याने केला, तर लुइझिआना या अखेरच्या राज्याने तो १९७४ मध्ये केला. १९२५ पासून विस्कॉन्सिन व कनेक्टिकट यांच्यामागोमाग अनेक राज्यांनी मूलभूत विज्ञानांची सामाईक परीक्षा सर्व उपचारकांना सक्तीची केली. या परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्या कायरोप्रॅक्टरांचे प्रमाण मोठे होते. परिणामी शरीरक्रियाविज्ञान व विकृतिविज्ञान यांना अभ्यासक्रमात अधिक स्थान देणे संस्थांना भाग पडले.

क्ष-किरण व इतर उपकरणे : चाचपणीतून मिळणारा निष्कर्ष परीक्षकाच्या बोटांत राहतो; तो कागदावर उमटत नाही. ही उणीव क्ष-किरणांनी भरून निघेल, अशी अपेक्षा होती. १९१० मध्ये कनिष्ठ पामर यांनी डॅव्हनपोर्टच्या संस्थेत कण्याची क्ष-किरण चित्रे घेण्यास प्रारंभ केला. १९३० नंतरच्या दशकात संपूर्ण कण्याचे एकाच पटलावर, उभ्या स्थितीत चित्र घेण्याची पद्धत प्रचारात आली. त्यासाठी लागणारे पटल १४ × ३६ इंच (सु. ३६ × ९१ सेंमी.) आकाराचे असे. चित्रावर रेषा आखून व कोन मोजून मणक्याचे विस्थापन अंशांत व मिलिमीटरांत लिहिले जाऊ लागले. नोंदीला आकडे लाभले, तिच्यात नेमकेपणा आल्यासारखे वाटले आणि न्यायालयातही चित्र दाखविता येऊ लागले. परंतु मोजमापाची अचूकता आणि मोजलेल्या गोष्टीचा रोगाशी असलेला संबंध या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्या कण्यातही अशी असममितता सर्रास आढळते. शिवाय पुनःपुन्हा घेतलेल्या चित्रांमुळे रुग्णाला अकारण किरणोत्सर्ग सोसावा लागे.

दुसरे गाजलेले उपकरण म्हणजे न्यूरोकॅलोमीटर. डोसा एव्हिन्स यांनी ते तयार केले व १९२४ मध्ये कनिष्ठ पामर यांनी त्याचा पुरस्कार केला. कण्याच्या दोन्ही बाजूंस टेकविलेल्या दोन तपयुग्मांच्या साहाय्याने त्वचेच्या तापमानातील फरक त्यावर दिसे व त्यावरून तंत्रिकेवरील दाबाची जागा ओळखता येते, असा दावा होता. उपकरण विकत मिळत नसे. ते भाड्याने घ्यावे लागे आणि त्याविना केलेले विश्लेषण अपुरे होय, असे पामर यांनी जाहीर केले. या भूमिकेमुळे त्यांच्या अनुयायांत फूट पडली. त्यांच्या संस्थेतील काही अध्यापकांनी बाहेर पडून १९२६ मध्ये इंडियानापोलिस येथे लिंकन महाविद्यालय स्थापन केले. पुढे तापमानातील फरक कागदी पट्टीवर आलेखरूपाने आपोआप उमटविणारी सुधारित आवृत्तीही निघाली. अशा पट्ट्या रुग्णाच्या कागदपत्रांना जोडून ठेवीत. यंत्राने काढलेला आलेख आहे, एवढ्यावरच त्यास प्रमाण मानण्याची वृत्ती त्या काळी वैद्यकातही होती, हे येथे नमूद करावयास हवे.

१९३५ मध्ये डॅव्हनपोर्ट येथे उघडलेल्या संशोधन चिकित्सालयात या पद्धतीचे दुसरे टोक दिसते. तेथे रुग्णाची वैद्यकीय तपासणी व कायरोप्रॅक्टिक तपासणी स्वतंत्र विभागांत होऊन दोहोंची सविस्तर कागदपत्रे ठेवली जात. परंतु तुलनेसाठी उपचार न केलेल्या रुग्णांचा गट नसल्याने त्या विपुल नोंदींतून परिणामकारकतेचा निर्णय करता येण्याजोगा नव्हता.

वैद्यकापासून दुरावा : अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेनुसार अशास्त्रीय पद्धतीने उपचार करणाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास वैद्यांना मनाई होती. १९६३ मध्ये या संघटनेने भोंदूगिरीविरोधी समिती नेमली व कायरोप्रॅक्टिक हे तिचे प्रमुख लक्ष्य होते. या बहिष्काराचा नोंदीशी थेट संबंध येतो. कायरोप्रॅक्टरला रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे मिळत नसत, रक्ततपासणीचे अहवाल मिळविणे अवघड जाई आणि त्याने शिफारसपत्र देऊन पाठविलेल्या रुग्णाविषयी वैद्याकडून उलट उत्तर येणे दुर्मिळ होते. एकाच रुग्णाच्या दोन नोंदी परस्परांना अपरिचित राहून चालत असत. शिकागो येथे चेस्टर विल्क आदी कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी २७ ऑगस्ट १९८७ रोजी हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग असल्याचा निर्णय दिला आणि १९९० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. मधल्या काळात, १९८० मध्ये, संघटनेने नीतिसंहितेतील ते बंधन काढून टाकलेले होते. न्यायालयाने कायरोप्रॅक्टिकच्या शास्त्रीय सत्यतेविषयी कौल दिला, असा समज काही वेळा आढळतो, तो बरोबर नाही. निर्णय व्यावसायिक बहिष्काराच्या वैधतेपुरता होता.

विमा योजनेचा परिणाम : पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी अमेरिकेत १९६५ मध्ये मंजूर झालेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेत कायरोप्रॅक्टिकचा समावेश करू नये, असे १९६८ मधील शासकीय अहवालाचे मत होते. तरीही १९७२ च्या कायदादुरुस्तीने तो झाला व १९७३ पासून अमलात आला. मात्र शुल्क मिळण्याची अट अशी होती की, मणक्याचे सबलक्सेशन क्ष-किरण चित्रात दिसले पाहिजे आणि केवळ ते दुरुस्त करण्यासाठी हातांनी केलेल्या उपचाराचेच पैसे मिळतील. चित्र घेण्याचा खर्च मात्र कायरोप्रॅक्टरला योजनेतून मिळत नसे. अशा रीतीने ज्या संज्ञेविषयी वैद्यांना शंका होती व व्यवसायातही एकमत नव्हते, ती संज्ञा कायद्यात बसली. ती चित्रात सिद्ध करण्याचे बंधन आल्याने गरज नसतानाही चित्रे काढली जाऊ लागली. ज्या कागदावर पूर्वी निदान लिहिणे धोक्याचे होते, त्याच कागदावर आता निदान लिहिल्याविना मोबदला मिळेना.

क्ष-किरणांची ही अट १९९७ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली व १ जानेवारी २००० पासून शारीरिक तपासणीने सबलक्सेशन दाखविण्याचा पर्याय उपलब्ध झाला. त्यासाठी चार निकष ठरविले आहेत : वेदना अथवा स्पर्शासह्यता, असममितता किंवा अवयवांची चुकीची मांडणी, हालचालीच्या पल्ल्यातील विकृती आणि स्नायू, त्वचा इ. ऊतकांच्या ताणातील फरक. यांपैकी किमान दोन आढळले पाहिजेत आणि त्यांतील एक असममितता अथवा हालचालीतील विकृती हा असलाच पाहिजे. इंग्रजी आद्याक्षरांवरून या निकषसमूहास ‘पार्ट’ म्हणतात. पहिल्या भेटीच्या नोंदीत पूर्ववृत्त, सध्याच्या तक्रारीचे वर्णन, तपासणी, निदान, उपचारयोजना व उपचारारंभाचा दिनांक यांचा समावेश अपेक्षित असतो. योजनेत किती दिवस, किती वेळा व कोणत्या उद्दिष्टासाठी उपचार करावयाचे, ते परिणामकारक ठरले हे कशावरून ओळखावयाचे, हे लिहावे लागते. शुल्काच्या मागणीत कण्याचे किती विभाग हाताळले त्यानुसार निरनिराळे संकेतांक आहेत : एक ते दोन विभागांस ९८९४०, तीन ते चार विभागांस ९८९४१ व पाचही विभागांस ९८९४२. ग्रीवा, वक्ष, कटी, त्रिक व श्रोणी हे ते पाच विभाग होत. रुग्णाची स्थिती आणखी सुधारण्याची अपेक्षा नसताना केवळ ती टिकविण्यासाठी केलेल्या उपचारास योजना शुल्क देत नाही. त्यामुळे सुधारणा होत आहे किंवा नाही, हे नोंदीवरून स्पष्ट होणे हा पैशाचा प्रश्न बनला.

या अपेक्षा प्रत्यक्षात कितपत पाळल्या गेल्या, हे संघराज्य शासनाच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने वेळोवेळी तपासले. २००५ च्या अहवालानुसार, २००१ मध्ये शुल्क मंजूर झालेल्या कायरोप्रॅक्टिक सेवांपैकी शेकडा ६७ सेवा अनावश्यक, चुकीच्या संकेतांकाखाली दाखविलेल्या अथवा नोंदीचा आधार नसलेल्या होत्या. २००९ च्या अहवालात २००६ मधील मागण्यांची छाननी असून शेकडा ८३ मागण्यांत नोंदीविषयीची एक वा अधिक आवश्यकता पूर्ण झालेली नव्हती, असे दिसून आले. अपुरी नोंद म्हणजे अपुरा उपचार असे अर्थातच नव्हे. परंतु उपचार योग्य होता की नाही, हे तपासण्याचा मार्गच अशा नोंदीमुळे बंद होतो.

वीड यांची नोंदपद्धती : लॉरेन्स वीड (१९२३–२०१७) या अमेरिकन वैद्यांनी १९६० नंतरच्या दशकात समस्याधिष्ठित रुग्णनोंदीची पद्धत मांडली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखामुळे तिला व्यापक प्रसिद्धी मिळाली. (कायरोप्रॅक्टिकला नाव देणारे धर्मोपदेशक वीड आणि हे वीड यांच्यातील नामसादृश्य योगायोगाचे आहे.) तीत रुग्णाच्या समस्यांची क्रमांकवार यादी करून प्रत्येक समस्येखाली चार भागांचे टिपण लिहितात : रुग्णाने सांगितलेली आत्मनिष्ठ माहिती, परीक्षकास आढळलेली वस्तुनिष्ठ माहिती, या दोहोंवरून केलेले मूल्यमापन आणि पुढील योजना. या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘सोप’ टिपण असे सुटसुटीत नाव पडले. कायरोप्रॅक्टिक संस्थांनी ही पद्धत अभ्यासक्रमात स्वीकारली. त्यांच्या अधिस्वीकृती मंडळास १९७४ मध्ये संघराज्याच्या शिक्षण कार्यालयाची मान्यता मिळालेली असल्याने अध्यापनात एकसारखेपणा आणणे शक्य झाले होते.

वरवर पाहता ही केवळ मांडणीची सुधारणा वाटते. प्रत्यक्षात ती विचाराची शिस्त आहे. ‘कंबर दुखते’ हे रुग्णाचे म्हणणे. ‘पुढे वाकताना हालचाल चाळीस अंशांवर थांबते’ हे परीक्षकाचे निरीक्षण. ‘कटिभागातील सांध्याचा यांत्रिक बिघाड, तंत्रिकामूळावर दाबाची चिन्हे नाहीत’ हा त्यांवरून काढलेला निष्कर्ष. जुन्या तीन अक्षरी लिपीत निरीक्षण व निष्कर्ष एकच होते. ते वेगळे लिहिल्याने निष्कर्षाला आधार कोणता, हे दुसऱ्या कोणालाही विचारता येऊ लागले. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या मर्सी परिषदेने तयार केलेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत पूर्ववृत्त व शारीरिक तपासणी यांबरोबरच नोंद व रुग्णाची संमती यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिच्यातील उपचारसंख्येच्या शिफारशींवर व्यवसायात कडवट वाद झाला. नोंदीवरील प्रकरणास मात्र फारसा विरोध झाला नाही.

परीक्षणातील घटक : आधुनिक नोंदीत पूर्ववृत्तानंतर सर्वप्रथम धोक्याच्या खुणा आहेत काय ते लिहितात. कर्करोगाचा पूर्वेतिहास, अकारण वजन घटणे, ताप, अस्थिसुषिरता, नुकतीच झालेली मोठी इजा, पायांतील वाढता अशक्तपणा, मलमूत्रविसर्जनावरील ताबा जाणे व बैठकीच्या भागातील बधिरता या त्यांपैकी प्रमुख होत. शेवटच्या दोन खुणा मेरुरज्जूच्या खालील तंत्रिकापुंजावर दाब आल्याच्या द्योतक असून अशा रुग्णास विनाविलंब शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे पाठवावे लागते. ‘खुणा आढळल्या नाहीत’ असे लिहिणे आवश्यक असते. रिकामी जागा सोडल्यास ती तपासणी केली नाही असेच समजले जाते. मानेवर उपचार करावयाचा असल्यास अकस्मात सुरू झालेली अपूर्व डोकेदुखी, चक्कर, दुहेरी दृष्टी व बोलण्यातील अडखळ यांची विचारणा विशेष महत्त्वाची आहे. मानेतील रोहिणीचे आतील अस्तर फाटल्याने मान दुखू लागते व असा रुग्ण प्रथम मानदुखीसाठीच कायरोप्रॅक्टरकडे येण्याचा संभव असतो. मेंदूचा आघात पुढे झाल्यास तो मूळ विकाराने झाला की मानेला दिलेल्या झटक्याने, हा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर पुष्कळदा पहिल्या भेटीच्या टिपणात काय लिहिले आहे, यावरच अवलंबून राहते.

त्यानंतर ठेवण, चाल, हालचालींचा पल्ला, स्नायूंचे बळ, प्रतिक्षेप, संवेदना व सरळ पाय उचलून पाहण्यासारख्या कसोट्या यांची नोंद होते. रुग्णाच्या त्रासाचे प्रमाण आकड्यांत मांडण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. कंबरदुखीसाठी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्वेस्ट्री निर्देशांक सर्वत्र रूढ आहे. मानेसाठी त्याच धर्तीवर १९९१ मध्ये टोरँटो येथील कॅनेडियन मेमोरियल कायरोप्रॅक्टिक कॉलेजमधील हॉवर्ड व्हर्नन व सिल्व्हानो मायॉर यांनी दहा प्रश्नांची व पन्नास गुणांची प्रश्नावली तयार केली. ती कायरोप्रॅक्टिकबाहेरही, भौतिकोपचारतज्ज्ञ व शस्त्रक्रियातज्ज्ञ यांच्याकडून वापरली जाते. नोंदशास्त्राला या व्यवसायाने दिलेली ही बहुधा सर्वांत टिकाऊ देणगी होय.

चाचपणीची विश्वसनीयता हा यातील कच्चा दुवा आहे. दोन अनुभवी परीक्षकांनी एकाच रुग्णाच्या मणक्यांची हालचाल स्वतंत्रपणे चाचपून पाहिली असता त्यांचे निष्कर्ष फारसे जुळत नाहीत, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. दाबल्यावर कोठे दुखते याविषयी मात्र बरेच अधिक एकमत होते. म्हणजे विमा योजनेने अनिवार्य मानलेल्या निकषांपेक्षा तिने ऐच्छिक ठेवलेला निकष अधिक भरवशाचा निघतो. क्ष-किरणांच्या बाबतीत अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्ये आपल्या सदस्यांना असा सल्ला दिला की, धोक्याच्या खुणा नसल्यास तीव्र कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत कण्याची चित्रे काढू नयेत.

रोगवर्गीकरण व संकेतांक : अमेरिकेत १९७९ पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत ७३९ या क्रमांकाखाली ‘अॅलोपॅथीबाह्य विकृती’ असा वर्ग होता आणि मणक्यांचे बिघाड विभागवार तेथे नोंदवीत. शास्त्रीय वर्गीकरणात एखाद्या विकाराचे नाव तो कोणत्या पंथाच्या उपचारकास दिसतो यावरून पडावे, हे विचित्रच म्हणावे लागेल. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे दहावी आवृत्ती लागू झाली. तीत एम ९९ या गटात ‘खंडीय व कायिक कार्यबिघाड’ असे तटस्थ नाव आहे व ‘सबलक्सेशन संकुल’ ही स्वतंत्र नोंदही शिल्लक आहे. मेडिकेअरसाठी अशा संकेतांकाबरोबर वेदनेचे वा तंत्रिकाविकाराचे दुय्यम निदानही द्यावे लागते. २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदपद्धतीसाठी अनुदान देऊ केले, तेव्हा पात्र व्यावसायिकांत कायरोप्रॅक्टरांचा अंतर्भाव होता. संगणकामुळे अक्षर सुवाच्य झाले, परंतु मागील भेटीचे टिपण जसेच्या तसे उतरविण्याची सोयही हाताशी आली. बारा भेटींत शब्दशः सारखीच वेदना व सारखाच पल्ला दाखविणारी नोंद परीक्षकांच्या नजरेत तत्काळ भरते.

अन्य देश : कॅनडातील आँटॅरिओ प्रांताच्या १९९१ च्या कायद्याने ‘निदान रुग्णास कळविणे’ हीच एक नियंत्रित कृती ठरविली असून कण्याच्या रचनेतून वा कार्यातून उद्भवणारे विकार, त्यांचे तंत्रिका तंत्रावरील परिणाम आणि हातापायांच्या सांध्यांचे विकार एवढ्यापुरता तो अधिकार कायरोप्रॅक्टरांना दिला आहे. न्यूझीलंडमध्ये १९७८ मध्ये नेमलेल्या राजकीय चौकशी आयोगाने १९७९ च्या अहवालात कण्याच्या यांत्रिक बिघाडांपुरते कायरोप्रॅक्टरांचे प्रशिक्षण मान्य केले. वैद्य व कायरोप्रॅक्टर यांच्यात सहकार्य असावे, असेही त्याचे मत होते. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यान्वये जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल ही नियामक संस्था अस्तित्वात आली. कण्याचे सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना असून ते रोगाचे कारण असल्याच्या दाव्यास चिकित्सीय संशोधनाचा आधार नाही, असे तिने २०१० मध्ये जाहीर केले. अमेरिकेच्या मेडिकेअर कायद्यात मात्र १९७२ मधील तो शब्द कायम आहे. परिणामी एकाच प्रकारच्या कंबरदुखीसाठी लंडनमधील कायरोप्रॅक्टर ज्या शब्दाविना नोंद पूर्ण करतो, तो शब्द डॅव्हनपोर्टमधील कायरोप्रॅक्टरला रुग्ण पासष्ट वर्षांचा झाला की नोंदीत पहिल्या निदानाच्या जागी लिहावा लागतो.